सुट्टीतले वाचन: नगरमधल्या एका ख्रिस्ती घराची पुस्तकनिवड

नगरच्या सावेडी भागातले हे कुटुंब. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलणारी. आई खासगी रुग्णालयात नर्स. घरात आजोबा आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. मुले तीन. थोरली नववीत जाणार, मधला सहावीत, धाकटी दुसरीत. तिघेही इंग्रजी माध्यमात. घरात बोलणे मराठीत, उपासना मराठीत, जेवणाआधीची प्रार्थना मराठीत. वाचन मात्र, जे काही होते ते, इंग्रजीत. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि चर्चच्या मंडळीत शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांना बायबल शिकवण्याचा वर्ग घेते, म्हणून एप्रिलच्या अखेरीस मुलांच्या आई माझ्याकडे आल्या. (घराच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांची मागणी स्पष्ट होती. "ताई, सुट्टीत मुलांना फक्त ख्रिस्ती पुस्तकं द्यायची आहेत. एक यादी करून द्या. पंधराशेपर्यंत खर्च करीन."

या मागणीमागे दोन गोष्टी होत्या. थोरलीने मैत्रिणीकडून हॅरी पॉटरचा पहिला भाग आणला होता, आणि प्रार्थनागटातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितले होते की असली पुस्तके घरात जादूटोण्याला दार उघडून देतात. दुसरी गोष्ट मधल्याची. उन्हाळी बायबल शाळा संपली की पुढचा सव्वा महिना त्याच्या हातात मोबाइलशिवाय काही नसते. म्हणजे एका मुलीच्या वाचनाची काळजी होती, तर एका मुलाच्या न वाचण्याची. दोन्हींवर एकच यादी चालणार नव्हती. मी यादी दिली नाही. आधी घरात काय आहे ते पाहू, म्हटले.

कपाटात काय होते

मुलांच्या कपाटात पाठ्यपुस्तके सोडली तर तीन गोष्टी होत्या. मोठ्या रंगीत चित्रांचे बायबल, चांगल्या अवस्थेत. रोज एक पान वाचून रिकाम्या जागा भरायचे इंग्रजी मननाचे पुस्तक, जानेवारीतच थांबलेले. आणि ख्रिस्ती मुलांसाठीच्या बोधकथांची एक पुस्तिका, धाकटीला पाठ झालेली.

या पुस्तिकेविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण "फक्त ख्रिस्ती पुस्तके" या अटीत ती पहिल्या झटक्यात बसते. तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीचा साचा एकच. आज्ञाधारक मुलगा प्रार्थना करतो आणि पहिला येतो. खोटे बोलणारा मुलगा संध्याकाळच्या आत झाडावरून पडतो. धाकटीने आईला विचारले होते, "दादानं पण प्रार्थना केली होती, मग त्याला गणितात कमी मार्क का पडले?" आईला उत्तर सुचले नव्हते. सुचणार कसे? तो प्रश्न पुस्तिकेनेच चुकीचा शिकवला होता. चांगल्याचे चांगले लगेच होते आणि दुःख भोगणाऱ्याने काहीतरी पाप केलेले असते, हे बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात, दुःखात पडलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी ऐकवलेले म्हणणे. त्या पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच संतापतो. मुखपृष्ठावर क्रूस आहे म्हणून आतली शिकवण शुभवर्तमानाची असेलच असे नाही, आणि सहा-सात वर्षांच्या मुलीच्या मनात रुजलेली अशी समजूत पुढे तिच्या पहिल्या मोठ्या दुःखात तिच्याच विरुद्ध उभी राहते. मला याची फार काळजी वाटते. जादूच्या पुस्तकांपेक्षा जास्त.

प्रभू येशूने गोष्टी कशा सांगितल्या ते पाहावे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ अंगणात रुसून उभा राहतो, बाप त्याची समजूत काढतो, आणि दाखला तिथेच संपतो. तो आत गेला की नाही हे सांगितलेलेच नाही. ऐकणाऱ्यावर एवढा विश्वास टाकणारी गोष्ट मुलांना द्यायची सोडून आपण त्यांना तळाशी तात्पर्य छापलेल्या गोष्टी देतो.

आजोबांची लोखंडी ट्रंक वेगळ्या खोलीत होती. तिच्यात 'ज्ञानोदय'चे काही सुटे अंक निघाले. १८४२ साली याच नगरात सुरू झालेले हे नियतकालिक. खाली 'स्मृतिचित्रे', रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कविता, पंडिता रमाबाईंचे एक चरित्र, 'श्यामची आई', आणि शांता शेळक्यांच्या अनुवादाची 'चौघीजणी', पाने पिवळी पडलेली. आजोबा म्हणाले, "मुलांना हे कुठलं समजायला! त्यांना मराठी वाचायला लावलं की अक्षराला अक्षर जोडत बसतात." नातवंडांना कोणी हे वाचून दाखवलेच नव्हते, ही गोष्ट त्यांच्या बोलण्यात आली नाही. मीही तेव्हा काढली नाही.

कसोटी कोणती लावायची

आई हुशार आहेत, शास्त्र नीट वाचतात. त्यामुळे बोलणे शास्त्रातूनच झाले. त्यांनी बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढला. जे सत्य, जे आदरणीय, जे न्याय्य, जे शुद्ध, त्याचे मनन करा. त्यांच्या मते यातून बाहेरची सगळी पुस्तके गळतात. मी म्हटले, यादीतला पहिला शब्द सत्य आहे. तो लावला तर आधी तुमची बोधकथांची पुस्तिका गळते.

मग एस्तेरचे पुस्तक उघडले. दहा अध्याय, आणि इब्री (हिब्रू) पाठात देवाचे नाव एकदाही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि देव त्यात कुठे काम करतो हे वाचणाऱ्याला दिसते. बंदी म्हणून नेलेल्या दानीएल आणि त्याच्या सोबत्यांना बाबेलात (बॅबिलोनमध्ये) खास्द्यांची, म्हणजे तिथल्या परक्या लोकांची विद्या शिकवली गेली. ते शिकले. नाही म्हटले ते राजाच्या ताटातल्या अन्नाला. अथेन्समध्ये प्रेषित पौलाने ग्रीक कवींची ओळ आपल्या भाषणात घेतली, म्हणजे त्याने ते कवी वाचले होते. आणि आपल्या घरचे उदाहरण तर जवळच आहे. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यावरही सांगत राहिले की तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो.

आईंनी यावर विचारलेला प्रश्न या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मला वाटतो. "मान्य. पण दानीएलाला काय खायचं नाही हे माहीत होतं. माझ्या मुलीला ते माहीत आहे हे मी कशावरून समजू?"

उत्तर एकच होते. तिच्याबरोबर वाचल्यावरून. दानीएल बाबेलात एकटा नव्हता, तीन सोबती होते. मूल पुस्तकाबरोबर एकटे असेल तर पुस्तक निवडण्याचा सगळा भार मुखपृष्ठावर पडतो. घरातले कोणी मोठे माणूस तेच पुस्तक वाचत असेल तर निवडीला हात मोकळा राहतो, आणि चुकले तरी जेवताना बोलून दुरुस्त करता येते. म्हणून आम्ही ठरवले की या सुट्टीत मुलांना पुस्तके थोडी द्यायची, आणि प्रत्येक पुस्तकाला घरातले एक मोठे माणूस जोडायचे. ज्याला कोणी वाचणारे मिळणार नाही ते पुस्तक यादीतून काढायचे. ख्रिस्ती असले तरी.

हॅरी पॉटर

यावर आईंचे आणि माझे एकमत झाले नाही. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मंत्रतंत्र करणाऱ्यांविषयी जे लिहिले आहे ते त्यांनी समोर ठेवले. ते वचन मलाही मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की गोष्टीतली कांडी आणि मांत्रिकाकडे जाऊन ताईत बांधून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे खरी झुंज दुसरीशी आहे. शिवाय त्या मालिकेच्या सातव्या, २००७ साली आलेल्या भागात दोन थडग्यांवर नव्या करारातली वचने कोरलेली आहेत. एक मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले, जेथे धन तेथे मन. दुसरे पहिल्या करिंथकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायातले, मृत्यू हा नाहीसा होणारा शेवटचा शत्रू. लेखिकेने ती सहज टाकलेली नाहीत. सगळी मालिका मृत्यूच्या भीतीविषयी आहे.

आईंनी ऐकून घेतले आणि या वर्षी नाही असे ठरवले. माझ्या मते हा निर्णय त्यांचाच होता. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात ज्याच्या मनाला जे खुपते त्याने ते करू नये असे सांगितले आहे, आणि आईच्या मनाविरुद्ध घरात आलेले पुस्तक मुलीला चोरून वाचावे लागते. थोरली रागावली. दोन दिवस ती आईशी नीट बोलली नाही. पण आईंनी नकाराबरोबर कारण सांगितले आणि ठोस कबुली दिली की पहिला भाग त्या स्वतः वाचतील आणि मग पुन्हा बोलतील. न वाचता नाही म्हणणे आणि वाचून नाही म्हणणे यातला फरक चौदा वर्षांच्या मुलीला चांगला कळतो.

थोरलीसाठी

'चौघीजणी' तिला आईंनी दिली. मूळ कादंबरी अमेरिकेतली, पहिला भाग १८६८ सालचा. वडील यादवी युद्धात सैन्याचे पाळक म्हणून गेलेले, घरात आई आणि चार मुली, पैशांची ओढाताण. नाताळच्या सकाळी चौघी आपली न्याहारी उचलून उपाशी शेजाऱ्यांकडे नेतात. पण पुस्तक गोडगोड नाही. धाकटी बहीण रागाच्या भरात थोरल्या बहिणींपैकी लिहिणाऱ्या ज्योचे हस्तलिखित जाळून टाकते, ज्यो तिला क्षमा करायला तयार होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती बहीण बर्फ फुटून पाण्यात पडते. आदल्या रात्री आईने ज्योच्या कानात सांगितलेले असते, रागावर सूर्य मावळू देऊ नकोस. हे इफिसकरांस पत्रातले वचन. ज्यो ऐकत नाही.

मराठी वाचायचा थोरलीला आधी कंटाळा होता. पहिली दोन प्रकरणे आईंनी रात्रपाळीला जाण्याआधी मोठ्याने वाचली. तिसऱ्यापासून तिने पुस्तक ओढून घेतले. आईंनी पाठोपाठ वाचले. चौघींतली बेथ मरते तिथे दोघींनी मिळून रडून घेतले, आणि मग पहिल्यांदाच मुलीने विचारले की रुग्णालयात माणूस जाताना तू तिथे असतेस तेव्हा काय करतेस. नर्सच्या मुलीने चौदा वर्षांत हे कधी विचारले नव्हते.

त्यानंतर पंडिता रमाबाई. इथे मी थोडा आग्रह धरला. आपल्याकडे मुलींना रमाबाईंचे जे चरित्र सांगतात ते फार गुळगुळीत असते. दुष्काळात आईवडील गमावलेली मुलगी, भावाबरोबर देशभर पायी फिरलेली, १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलेली. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशी ती श्रद्धेच्या प्रश्नांवर पत्रांतून निर्भीडपणे वाद घालते. मला वाटते ते मान्य करीन, तुम्ही सांगता म्हणून नाही, हा तिचा बाणा. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले, इब्री आणि ग्रीक शिकून सगळे बायबल सोप्या मराठीत उतरवले. श्रद्धा आणि स्वतःची बुद्धी यांत एकच निवडावे लागते असे नववीतल्या मुलीला वाटू लागायच्या वयात रमाबाई भेटायला हव्यात. थोरलीने वडिलांना केडगावला घेऊन चला म्हणून सांगितले. त्यांना सुट्टी मिळाली नाही, अजून जाणे झालेले नाही.

मधला

तो वाचत नाही असे सगळे म्हणत होते. तो फुटबॉल खेळतो, धावतो, आणि एका जागी वीस मिनिटे बसत नाही. त्याला पहिले पुस्तक ख्रिस्ती दिले नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दिला. फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, सायकल, आणि प्रत्येक भानगडीत 'ट्टॉक' करणारी जीभ. वडिलांनी लहानपणी हीच पुस्तके वाचली होती, त्यामुळे जोडी आपोआप ठरली. हे पुस्तक कशासाठी असे आईंनी विचारले, तर त्यात एक मुलगा घाबरत असूनही दुसऱ्यासाठी धावून जातो आणि मुलांना हसू येते, एवढे कारण मला पुरले.

मग स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो धावला नाही, आणि चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतले. ही गोष्ट शब्बाथ शाळेत सांगतात आणि इथेच थांबवतात. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. तो मिशनरी म्हणून चीनला गेला, महायुद्धात जपान्यांच्या छावणीत अडकला. तिथे आईवडिलांपासून दूर असलेली मुले होती. रविवारी खेळताना त्यांच्यात भांडणे होऊ लागली, तेव्हा ज्याने रविवारी धावायला नकार दिला होता तोच रविवारी त्यांच्यासाठी पंच म्हणून उभा राहिला. १९४५ च्या फेब्रुवारीत, सुटकेच्या काही महिने आधी, तो छावणीतच वारला. वडिलांनी इंग्रजी चरित्र वाचून मराठीत सांगितले. मधल्याने विचारले, "मग त्यानं नियम मोडला का?" वडील आणि आजोबांचा यावर खूप वेळ वाद झाला, आणि मुलगा तो ऐकत बसला. वीस मिनिटांहून जास्त.

शास्त्रातून त्याच्यासाठी योना घेतला. चारच अध्याय, चित्रांचे बायबल बाजूला ठेवून थेट. चित्रांच्या बायबलात गोष्ट माशाशी संपते. खऱ्या पुस्तकात शेवटी योना सावलीचे झाड सुकले म्हणून रुसून बसतो आणि देव त्याला विचारतो, उजवाडावा हात न कळणारे एक लाख वीस हजारांवर लोक आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या निनवेची मला कीव येऊ नये काय? पुस्तक या प्रश्नावरच संपते. "गुरांची पण?" मधल्याने विचारले. हो, गुरांचीही.

धाकटीचे सोपे होते. माधुरी पुरंदरेंची चित्रांची पुस्तके, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारे 'किशोर'चे जुने अंक, आणि थोरली बहीण वाचून दाखवायला. बोधकथांची पुस्तिका आईंनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

आजोबांची संध्याकाळ

ज्या गोष्टीमुळे हे प्रकरण लिहावेसे वाटले ती ही. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. ते मुलांचे पुस्तक नाही. पण बाई ज्या बोलीत लिहितात ती मोठ्याने वाचण्यासाठीच आहे. जेवणानंतर गच्चीवर आजोबा वाचू लागले. प्रसंग आधी निवडून ठेवले. सोवळ्याच्या पायी बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील. घरखर्चाचे पैसे कोणाला तरी देऊन मोकळे होणारे टिळक. मुले हसून लोळली. मग टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो भाग आला, नवरा-बायकोची अनेक वर्षांची ताटातूट, आणि गच्ची शांत झाली. लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या, पण आधी मनातल्या जातीशी त्यांना स्वतःशीच झगडावे लागले, आणि तो झगडा त्यांनी लपवला नाही. आजोबांनी तिथे थांबून आपल्या पणजोबांचा बाप्तिस्मा, गावाने विहीर बंद केल्याची गोष्ट, पहिल्यांदाच मुलांना सांगितली. आईवडिलांनाही ती पूर्ण माहीत नव्हती.

पुस्तकात ठोंबरे नावाचा एक हळवा तरुण कवी टिळकांच्या घरी राहायला येतो. थोरलीने विचारले हे कोण, तर आजोबांनी 'औदुंबर' म्हणून दाखवली. बालकवी! पाठ्यपुस्तकात वाचलेली कविता लिहिणारा माणूस नगरच्या ख्रिस्ती घरात मुलासारखा राहिला होता, हे तिला कोणी सांगितले नव्हते. शाळेत ती मराठीच्या तासाला एक मुलगी असायची आणि मंडळीत दुसरी. या घरातल्या मुलांना वाटत होते की ख्रिस्ती पुस्तक म्हणजे इंग्रजी पुस्तक. परदेशात छापलेली मननाची पुस्तके वाईट नसतात, पण फक्त तीच दिली तर मुले आपल्याच विश्वासात पाहुणी होतात.

टिळकांची एक कविताही झाली, बाण लागलेली पक्षीण पिलांकडे परत येते ती. "क्षणोक्षणी पडे, उठे परि बळे, उडे बापडी." तिच्यात ख्रिस्ताचे नाव नाही. धाकटी रडली. आईंनी आजोबांना ती दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायला सांगितली.

काय जमले नाही

'यात्रेकरूची यात्रा' ही जॉन बन्यनची रूपककथा ('पिलग्रिम्स प्रोग्रेस') आजोबांनी जुन्या मराठी भाषांतरातून वाचून पाहिली. भाषा मुलांच्या डोक्यावरून गेली. आजोबांनी मग ती तोंडी सांगितली, पण अर्ध्यात सोडावी लागली. मननाचे पुस्तक पुन्हा सुरू केले आणि पुन्हा बंद पडले. 'श्यामची आई' घ्यायची होती, वेळच उरला नाही. वडिलांच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मधल्याचे वाचन थांबायचे आणि मोबाइल परत यायचा. जोडीदार नसला की तो वाचत नाही, हे आता घराला माहीत आहे. त्यावर उपाय म्हणून थोरलीने त्या आठवड्यात त्याला नार्नियाचा पहिला, १९५० सालचा भाग वाचून दाखवला. विश्वासघात करणाऱ्या मुलाच्या जागी सिंह मरतो, हे मधल्याने तिच्या आधी ओळखले.

आईंच्या लक्षात मात्र भलतेच आले. "ताई, यात पण चेटकीण आहेच की. मग मी त्याला हो म्हटलं आणि दुसऱ्याला नाही, ते कशावरून?" पंधराशेतले पाचशे त्यांनी राखून ठेवले होते. हॅरी पॉटरचा पहिला भाग त्यांनी मैत्रिणीकडून न घेता विकत घेतला. सध्या तो त्यांच्या डबा-पिशवीत असतो, आणि रात्रपाळीत रुग्ण झोपले की त्या तो वाचतात. आठव्या प्रकरणापर्यंत आल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी थोरलीला काय ते सांगायचे ठरले आहे.